फळीवरचे आठ महिने

दुकानदार: पहिलीच गिटार आहे म्हणता ना ताई, मग ही लाल घ्या. दिसायला देखणी, वजनाला हलकी, वर पिशवी मोफत. शिकाऊ माणसाला याहून जास्त काय लागतं?

वहिनी: जरा हातात द्या.

दुकानदार: घ्या की. पण अशी एक डोळा मिटून काय बघताय? बंदूक नाही ती.

वहिनी: हिचा दांडा वाकलाय.

दुकानदार: छे हो. मागच्याच महिन्यात खोका फोडलाय.

वहिनी: खोका सरळ असेल. दांड्याला मधेच पोट आलंय. सूतभर नाही, अर्ध्या सुताला थोडं कमी.

नणंद: काका, वाद घालू नका, हराल. ही माझी वहिनी. बावीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात कटिंगला आहे. चाळीस-चाळीस कापडांचे थर एका दमात कापते. आमच्या घरी साधा पडदा लावायचा तरी आधी भिंतीला डोळा लावते आणि माझ्या भावाला सांगते, तुझा खिळा वाकडा आहे. आणि खिळा वाकडाच असतो.

दुकानदार: आणा बघू इकडे. हं. आहे खरं. दुपारचं ऊन काचेतून नेमकं हिच्यावरच येतं. सहा जणांनी हाताळली असेल, एकाच्याही लक्षात आलं नाही.

नणंद: तुमच्या तरी आलं होतं का?

दुकानदार: आलं असतं. पण बघायचंच सोडून दिलंय मी. खोटं कशाला बोलू. दहा गिटारी विकतो, त्यातल्या नऊ वर्षभरात परत येतात. तारा गंजलेल्या, आत झुरळं. काका, किती द्याल? कुणाच्या मुलाला परीक्षा आहे, कुणाच्या शेजाऱ्याला झोप आहे, कुणाचं बोट दुखतंय. भिंतीवर टांगायला घेतात हो लोक. मग मीही भिंतीवरचाच माल आणतो.

नणंद: मी या खोक्यावर बसते. चालेल ना?

दुकानदार: तो स्पीकर आहे.

नणंद: बारा तास वॉर्डात उभी होते. माझ्या पायांना फरक कळणार नाही.

दुकानदार: बसा, बसा. तसाही तो बंदच आहे. ताई, तुमचा आकडा सांगा म्हणजे उगाच सगळं दुकान उतरवायला नको.

वहिनी: बोनसमधून बाजूला काढलंय, तेवढंच. या पाकिटात आहे. एकदाच घेणार. नंतर बदलून वगैरे घ्यायला यायचं नाही मला.

दुकानदार: एवढ्यात दोन दाखवता येतील. ही एक, नायलॉनच्या तारांची. बोटांना मऊ. आणि ही दुसरी, तपकिरी, पोलादी तारांची. हिचा आवाज मोकळा आहे, पण सुरुवातीला बोटं सोलवटून काढते. तुमची बोटं बघू. अरे वा, घट्टे तर आधीच आहेत.

नणंद: कात्रीचे असतील.

दुकानदार: असतील. उजव्यालाच आहेत सगळे. तरी पोलादी जमेल तुम्हाला. आता कुणीही विकणारा सांगणार नाही, ते सांगतो. लाकूड कुठलं, पॉलिश कसलं, हे विचारूच नका, या भावात सगळं प्लायवूड. बघायचं ते इथे. दांड्यावरच्या या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी बाराव्या पट्टीपाशी तार आणि लाकूड यांच्यात फट किती आहे? फट जास्त असली की दाबायला जोर लागतो. मग माणसाला वाटतं आपल्यालाच येत नाही. निम्मे लोक त्यापायीच सोडतात.

वहिनी: हिची सूतभर आहे. त्या नायलॉनवालीची दीड.

दुकानदार: मी पट्टी घेऊन मोजली असती तरी हेच निघालं असतं. मग ही तपकिरी. दांडा बघा हिचा.

वहिनी: सरळ आहे.

दुकानदार: टोकाच्या या खुंट्या फिरवून बघा. घसरत नाहीत ना? झालं मग. जुना नमुना आहे, तीन वर्षं पडून होती, कुणाला दिसायला आवडत नाही म्हणून. बसा या स्टुलावर. काय काय येतं तुम्हाला?

वहिनी: चार कॉर्ड येतात. चारांवर एक चाल बसते.

दुकानदार: कोणाकडे शिकलात?

वहिनी: कोणाकडे नाही. घरीच.

दुकानदार: घ्या मग, वाजवा. तुमच्या हातात कशी बोलते ते कळू दे. अहो, अशी नाही. दांडा डाव्या हाताला. हां, आता बरोबर.

वहिनी: अशी मला अवघड जातेय. मी माझ्या पद्धतीने धरू का? दांडा उजवीकडे?

दुकानदार: धरा बापडे. आपल्याला काय.

वहिनी: पहिलं धरते. … हे असं नसणार. स्वर लावलेला नाही वाटतं हिचा.

दुकानदार: लावलाय. आणा इकडे. ऐका हं. … हे असं. लागलेली आहे व्यवस्थित. आता तुम्ही.

वहिनी: दुसरं बघते. … हेही तसंच. तिसरं. …

नणंद: आमच्या वॉर्डातली औषधांची ट्रॉली अशीच वाजते. चाकात तेल घालायला सांगून सहा महिने झाले.

दुकानदार: सिस्टर, जरा थांबा. ताई, जोरात दाबा. बोट पट्टीच्या जवळ घ्या.

वहिनी: जवळच आहे. बोटं जिथे हवीत तिथेच आहेत. मला डोळे मिटून ठेवता येतात ती. मिटून ठेवते, बघा. … नाही. नाही येत. घ्या तुमची गिटार.

दुकानदार: अहो, पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं.

वहिनी: माझा पहिला दिवस नाही. आठ महिने झाले. तुमचा वेळ घेतला, माफ करा. चल गं, निघू या. बस चुकेल.

नणंद: बसू दे मला दोन मिनिटं.

वहिनी: घरी जाऊन बस.

नणंद: वहिनी, मी आज इथे का आलेय, सांगू? दादाने पाठवलंय. सकाळी ड्यूटीला निघाले होते, चपला घालत होते, तर मागोमाग दारापर्यंत आला. म्हणाला, संध्याकाळी तिच्याबरोबर जा आणि काहीही करून टाळ. या वयात हे खूळ शोभतं का, लोक काय म्हणतील, त्यापेक्षा वॉशिंग मशीन बदलू. मी बरं म्हटलं. खरं सांगते, नाही म्हणायचाही कंटाळा आला होता मला. म्हणजे आता माझं काम आपोआप झालं. मला बरं वाटायला हवं. पण वाटत नाहीये.

वहिनी: मला माहीत होतं.

नणंद: काय माहीत होतं?

वहिनी: बारा तासांची ड्यूटी करून तू माझ्यासाठी बाजारात येशील, इतकी काही मी भोळी नाही.

नणंद: मग काही बोलली का नाहीस?

वहिनी: बोलून काय करायचं? सोबत तर होती. एकटीला दुकानात शिरायला धीर होत नव्हता. गेल्या महिन्यात दोनदा दारावरून परत गेले.

दुकानदार: तुम्ही होतात काय त्या? मला वाटलं पत्ता शोधतंय कुणीतरी.

नणंद: वहिनी, आज तू अशी उठून गेलीस तर परत येणार नाहीस. मी ओळखते ना तुला. ते पाकीट दादाच्या हातात ठेवशील, मशीन येईल, आणि आमचेच कपडे तू त्यात धुशील. आणि पुन्हा कधी हा विषय काढणार नाहीस. बरोबर?

वहिनी: बरोबर.

नणंद: मग दोन मिनिटं बस. काका, तुम्हीही बसा. आणि हे कुठे बिघडलंय ते शोधा. पेशंट असा दारातून परत पाठवत नाही कुणी.

दुकानदार: मी डॉक्टर नाही हो. बरं, ताई, असं सांगा, तुमच्याकडे गिटारच नव्हती, तर आठ महिने वाजवलंत कशावर?

वहिनी: फळीवर.

दुकानदार: कसल्या फळीवर?

वहिनी: कापडाच्या ताग्याच्या आत फळी असते ना, जिच्यावर कापड गुंडाळलेलं असतं. तागा संपला की टाकून देतात. तसली एक घेतली. दोन्ही टोकांना सहा-सहा खिळे मारले आणि काजाचा जाड दोरा ताणून बांधला. सहा तारा झाल्या.

दुकानदार: आणि आवाज?

वहिनी: दोऱ्याला कसला आवाज. नव्हता.

दुकानदार: आठ महिने, आवाज नसताना?

वहिनी: जेवणाच्या सुट्टीत. पंचवीस मिनिटं मिळतात, त्यातली दहा जेवणाची. बाकीची कटिंगच्या टेबलाखाली बसायचं, पाय पसरून. तिथे सहसा कोणी बघत नाही. बायका आधी हसल्या, मग सवय झाली त्यांना. सुपरवायझर एकदा वाकून बघून गेला. म्हणाला, बाई, बरं नाही का? म्हटलं, बरं आहे. गेला. कटिंगने अंगठा असा धरतो ना की संध्याकाळी पिठाचा डबा उघडत नाही. पण फळीवर बोटं ठेवली की तेवढा वेळ हाताला वाटायचं, आपण काही कापत नाही आहोत.

नणंद: हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, ही माझ्या मोबाईलवर गाणी ऐकते.

दुकानदार: पण हे डोक्यात कसं आलं म्हणतो मी?

वहिनी: आमच्या पॅकिंगमधला एक म्हातारा रिटायर झाला. त्याच्या निरोपाला त्याचा जावई गिटार घेऊन आला होता. भाषणं झाली, मग तो वाजवायला बसला. मी कप हातात धरून उभी होते, चहा गार झाला. तो बोट ठेवायचा, आणि ठेवलं की तिथल्या तिथे काहीतरी व्हायचं. लगेच. दुसऱ्या कुणाची वाट बघावी लागत नव्हती त्याला. मी बावीस वर्षं कापते हो. कापलेलं गाठोडं बांधलं की खाली जातं. बाह्या कोण लावतं, कॉलर कोण बसवतं, मला माहीत नाही. पुरा झालेला शर्ट मला दिसतो तो रस्त्यावर, दुसऱ्याच्या अंगावर. तोही आमचाच की नाही ते सांगता येत नाही. मला वाटलं, एक तरी गोष्ट अशी असावी की मी सुरू केली आणि मीच शेवटपर्यंत ऐकली. एवढंच. त्यात दुसरं काही नाही.

नणंद: हे दादाला सांगितलंस कधी?

वहिनी: त्याने विचारलं, काय उपयोग. त्याचं उत्तर हे नाही ना.

दुकानदार: ताई, फळीवर बोटं कुठे ठेवायची ते कसं कळलं तुम्हाला?

वहिनी: हिच्या मोबाईलवर व्हिडिओ बघायचे. त्यातला शिकवणारा चित्र दाखवतो, सहा उभ्या रेघा, आडव्या पट्ट्या आणि बोटांचे ठिपके. पण आमच्याकडे मोबाईल फाटकावर जमा करावा लागतो, आत नेता येत नाही. म्हणून घरी व्हिडिओ थांबवायचा, पडद्यावर कटिंगच्या नमुन्याचा पातळ कागद ठेवायचा आणि पेन्सिलने ठिपके उतरवून घ्यायचे. मग फळीच्या मापाने मोठं करायचं आणि ठिपक्यांच्या जागी टोच्याने भोकं पाडायची.

दुकानदार: भोकं कशाला?

वहिनी: नमुना तसाच करतात. कागद कापडावर ठेवायचा आणि वरून खडूची भुकटी फिरवायची. भोकांतून खाली खूण उमटते. फळीवरही तसंच केलं.

दुकानदार: आहेत ते कागद?

वहिनी: पर्समध्ये आहेत. आणले होते, विसरायला झालं तर असावेत म्हणून. हे घ्या. चार आहेत.

दुकानदार: चष्मा कुठे ठेवला मी? हां. हा पहिला… ही कुठली कॉर्ड म्हणायची? अशी कॉर्डच नाही. दुसरा. हीसुद्धा नाही. सिस्टर, जरा तो दिवा लावा. उजेडासमोर धरतो. …

नणंद: काय झालं?

दुकानदार: थांबा. ताई, हा कागद असा धरायचा की असा?

वहिनी: असा. कोपऱ्यात आकडा घातलाय बघा.

दुकानदार: आणि आकडा मागे गेला तर? असा, मागच्या बाजूने बघितला तर हा सी मेजर आहे. चोख. हा दुसरा, मागून बघितला की जी. तिसरा, मागून, ए मायनर. भोकं दोन्हीकडून सारखीच दिसतात हो, कागदाला पुढचं-मागचंच राहिलेलं नाही.

वहिनी: आणा इकडे.

नणंद: एक्स-रे उलटा लावल्यासारखं?

वहिनी: तसंच. मी उलटा ठेवला. काय केलं मी हे. कापडावर खूण नेहमी उलट्या बाजूला करतात. सुलट्या बाजूला खडू लागला तर डाग राहतो, माल परत येतो. म्हणून नमुनाही पालथा ठेवायचा. पहिल्या दिवशी शिकवतात ते. बावीस वर्षं हात तेच करतोय. फळीला कुठली आली सुलटी बाजू? पण हाताने कागद पालथा घातला, आणि त्याच्यावर मी आकडा लिहिला.

दुकानदार: आणि दांडा उजव्या हाताला?

वहिनी: व्हिडिओतला समोर बसलेला असायचा. त्याचा दांडा माझ्या उजवीकडे दिसायचा. मीही तसाच धरला. शिवाय म्हटलं, खरं काम बोटं ठेवण्याचं आहे, ते उजव्यानेच करणार ना माणूस? कापताना डावा हात नुसता कापड धरतो. डाव्याने खाली-वर करायला काय लागतं?

दुकानदार: म्हणून घट्टे उजव्या हाताला. आणि आपण म्हणत होतो कात्रीचे.

वहिनी: म्हणजे सगळंच उलटं. आठ महिने पाण्यात गेले.

दुकानदार: तसं नाही ताई.

वहिनी: तसंच आहे. मला उगाच गोड बोलू नका, मला ते आवडत नाही. एक कापड उलटं कापलं तर चाळीस वाया जातात. मी रोज जेवायची सुट्टी घातली त्यात.

दुकानदार: गोड बोलायला मला विक्रीची एवढी हौस उरलेली नाही. नीट ऐका. कागद पालथा, दांडा पालथा. दोन्ही उलटेपणं एकमेकांशी जुळलीत. तुम्ही जे शिकलात ते चूक नाही, ते डावखुऱ्या माणसाचं वादन आहे. अगदी बिनचूक. डावखुरे असेच धरतात आणि नेमकी इथेच बोटं ठेवतात. फक्त त्यांच्या गिटारीवर तारा उलट्या क्रमाने असतात. जाड तार जिथे आहे तिथे बारीक. ही गिटार उजव्यांची, म्हणून तुमचं बोट चुकीच्या तारेवर पडतंय. बोट बरोबर आहे, तार चुकीची आहे.

नणंद: मग डावखुऱ्यांची द्या ना.

दुकानदार: मागवावी लागेल. पाकिटात बसणार नाही, दुपटीच्या घरात जाते. आणि कधी येईल ते मी सांगणार नाही, कारण मलाही ते सांगत नाहीत.

नणंद: नाहीतर?

दुकानदार: नाहीतर कुठलाही मास्तर जे सांगेल ते. सरळ बाजूने पुन्हा शिकायचं. दोन-तीन महिन्यांत हात वळतो. तरुण मुलांना मी हेच सांगतो, पुढे सोपं पडतं.

वहिनी: पुन्हा पहिल्यापासून.

दुकानदार: हो.

वहिनी: नाही हो होणार माझ्याने. हे कौतुकासाठी सांगत नाही, खरंच नाही होणार. सकाळी पाचला उठते. घरातलं, कारखान्यातलं, परत घरातलं. उसवा आणि पुन्हा शिवा, हेच चाललंय सगळं. एवढी एक गोष्ट होती जी पुढे जात होती. ती पण उसवायची म्हटली तर मी नाही करणार. मला अंगात तेवढं उरलेलंच नाही.

नणंद: काका, तिसरं काहीतरी काढा.

दुकानदार: आहे तिसरं. पण ते मी सुचवलं असं कुठे सांगू नका, मास्तर लोक मला हसतील. हीच तपकिरी उलटी करायची. तारा काढायच्या, दांड्याच्या टोकाला ही हाडासारखी पट्टी आहे, तिच्या खाचा जाड-बारीक असतात, ती ठोकून काढून फिरवून बसवायची. मग तारा उलट्या क्रमाने चढवायच्या. महागातल्या गिटारींना हे चालत नाही, त्यांची तारा टेकतात ती खालची पट्टी तिरकी बसवलेली असते, उलट केली की सूर फसतो. हिची सरळ आहे. स्वस्तातली म्हणून सरळ आहे. आणि अंगही दोन्हीकडून सारखं आहे, कुठे कापलेलं नाही, म्हणून मांडीवर उलटीही बसेल. माझ्या दुकानात अशी ही एकच आहे.

वहिनी: सरळ आहे खरी. बघितली मी.

दुकानदार: दोन गोष्टी आधी सांगतो, नंतर माझ्यावर रागवायचं नाही. भोकाशेजारची ही काळी पट्टी तारांच्या खाली असते, ती आता वर येईल. शर्टाचा खिसा पाठीवर लावल्यासारखं दिसेल.

नणंद: ते दादा बघून घेईल. त्याला रागवायला काहीतरी हवंच.

दुकानदार: दुसरी गोष्ट मोठी आहे. तुम्हाला कायम हीच वाजवावी लागेल. कुणाच्या घरी गेलात, कुणी आपली गिटार पुढे केली, तर नाही येणार. आणि तुमच्या घरात उद्या कुणाला हौस आली, भाच्याला, मुलाला, शेजाऱ्याला, तर तुमची त्यांना वाजवता येणार नाही. तुमच्याशिवाय ही कुणाच्याच कामाची नाही. विकायला आणलीत तर मीसुद्धा घेणार नाही.

वहिनी: दुसऱ्या कुणालाच येणार नाही?

दुकानदार: नाही.

वहिनी: मग हीच द्या.

नणंद: वहिनी, विचार कर जरा.

वहिनी: केला. आमच्या कपाटातला एक खण माझा होता, त्यात आता तुझ्या दादाच्या फायली आहेत. शिलाई मशीन माझं, त्यावर तुझ्या इस्त्रीच्या साड्या असतात. मी काही म्हणत नाही, एका घरात राहायचं म्हणजे असं होणारच. पण एखादी गोष्ट अशी असू दे, जी कुणी मागितली तरी त्याला उपयोगाची नाही.

नणंद: साड्या मी काढते उद्या.

वहिनी: राहू देत गं. साड्यांचं नाही बोलत मी.

नणंद: मला कळतंय कशाचं बोलते आहेस. काका, उलटी करायला किती वेळ लागेल?

दुकानदार: अर्धा तास. बस चुकेल तुमची.

नणंद: चुकू दे. पुढची मिळेल. दादाचा फोन आला तर मी उचलते. सांगते, टाळायचा प्रयत्न चालू आहे.

(दुकानदार सहाही तारा उतरवतो, दांड्याच्या टोकाची पट्टी हलक्या हाताने ठोकून काढतो, फिरवून बसवतो आणि नव्या तारा उलट्या क्रमाने एकेक करून चढवतो. नणंद स्पीकरवर बसल्या बसल्या पेंगते. वहिनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवते, पुन्हा काढते, पुन्हा ठेवते.)

दुकानदार: जाड तार खाचेत जरा घट्ट बसतेय. कानशीने एक हात मारतो. हं, बसली. आता स्वर लावतो. नव्या तारा आहेत, आठवडाभर सारख्या उतरतील, घाबरू नका. रोज थोड्या वर घ्यायच्या. दोऱ्याहून कडक लागतील, पहिले काही दिवस बोटं झोंबतील.

वहिनी: झोंबू देत.

दुकानदार: आणखी एक. खऱ्या गिटारीच्या पट्ट्या पुढे पुढे जवळ येत जातात. तुमच्या फळीवर सारख्या अंतराने असतील.

वहिनी: काजांसारख्या. सारख्याच होत्या.

दुकानदार: मग दुसऱ्या-तिसऱ्या पट्टीवर बोट किंचित मागे घ्या. तुमच्या मापात सांगायचं तर सूतभर.

वहिनी: घेते.

दुकानदार: सिस्टर, उठा. नाहीतर राहून जाईल तुमचं ऐकायचं.

नणंद: जागीच आहे मी. डोळे नुसते मिटलेत.

दुकानदार: घ्या ताई. दांडा उजवीकडे. तुमच्या पद्धतीने.

वहिनी: आत्ता नाही आलं, तर मात्र मी उठते. मग मला थांबवू नका कुणी.

नणंद: नाही थांबवत.

वहिनी: पहिलं धरते. …

नणंद: वहिनी.

वहिनी: थांब, बोलू नकोस. दुसरं. … तिसरं. … आणि हे चौथं. … पुन्हा पहिल्यावर येते. …

दुकानदार: एकही बोट चुकलेलं नाही, ताई. गिटार हातात नसताना शिकून इतकं स्वच्छ बसलेलं मी कुणाचं बघितलेलं नाही. ताई? बरं नाही का वाटत? पाणी देऊ?

वहिनी: नको. म्हणजे आठ महिने हे असं वाजत होतं तर.